तारापूरची भट्टी कोणी हॅक करेल का?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने नागरी संरक्षणाच्या सरावासाठी ठिकाणांची यादी काढली. तिच्या पहिल्या वर्गात महाराष्ट्रातली तीन नावं होती : मुंबई, उरण आणि तारापूर. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक बातमी फिरली, की पाकिस्तानी हॅकरांनी भारतातली ७० टक्के वीज यंत्रणा बंद पाडली आहे. पत्र सूचना कार्यालयाने ती खोटी असल्याचं जाहीर केलं. डोक्यावर पंखा फिरत असतानाही लोक ती पुढे पाठवत होते, हा भाग वेगळा.

पण खोट्या बातमीमागची शंका खोटी नसते. बोईसर, चिंचणी, दांडी, घिवली या भागात ती सरळ विचारली जाते : ‘लांब कुठेतरी बसलेला माणूस कॉम्प्युटरवरून टॅप्सची, म्हणजे तारापूर अणुकेंद्राची, भट्टी उडवू शकेल का?’

असं घडणं जवळजवळ अशक्य आहे. मात्र लांब बसलेला माणूस आपल्या भागाची वीज घालवू शकेल का, किंवा एखाद्या कारखान्यात अपघात घडवू शकेल का, असं विचारलंत तर उत्तर बदलतं. तसे प्रकार जगात झाले आहेत. पहिलं जवळजवळ अशक्य आणि दुसरं शक्य का, ते या प्रकरणात पाहू.

१. एका पट्ट्यात किती वीज

आधी भूगोल. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला समुद्राकाठी तारापूर अणुशक्ती केंद्र आहे. पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून ते व्यावसायिक वीज देऊ लागले. आज त्यांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॅट धरतात. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवून पुढे तिसरा आणि चौथा संच उभा राहिला. हे दोन्ही संच भारतीय बनावटीचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे असून २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. एकूण क्षमता १,४०० मेगावॅट. उत्तरेला डहाणूत कोळशावर चालणारं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तारापूरच्या नव्या संचांची वीज ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनी बोईसर आणि पडघ्याकडे जाते. या सगळ्याला लागूनच तारापूर एमआयडीसी, म्हणजे रसायनं, औषधं, पोलाद आणि कापडाचे कारखाने.

हॅकरच्या नजरेने पाहिलं तर ही सगळी ठिकाणं सारखी अवघड नाहीत. पहिले दोन संच साठच्या दशकातल्या आराखड्याचे. मूळ आराखड्यात काटे असलेली मीटर, रिले आणि तारांची जोडणी होती. अमुक दाब झाला की अमुक झडप उघडायची, हा नियम तारांनीच बांधलेला. तारेला व्हायरस लागत नाही. नव्या संचांत संगणकाधारित नियंत्रण आहे. जुन्या यंत्रणांचं नूतनीकरण करतानाही रिलेचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि त्यांच्या जागी डिजिटल उपकरणं येतात. म्हातारपणामुळे मिळालेलं हे संरक्षण दुरुस्तीगणिक थोडं थोडं कमी होतं. जगभरच्या वीजकेंद्रांत हेच चाललं आहे.

२. ओटी आणि माजघर

कोणत्याही वीजकेंद्रात संगणकांची दोन वेगळी जाळी असतात. पहिलं कचेरीचं. पगार, रजा, निविदा, ईमेल, ठेकेदारांची बिलं, सगळं त्यावर. ते इंटरनेटला जोडलेलं असतं आणि त्याला इलाज नाही. दुसरं यंत्रांचं. त्यात पीएलसी नावाचे छोटे डबे असतात. पीएलसीचं काम साधं आहे. तापमापक, दाबमापक यांचे आकडे वाचायचे आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे पंप, झडप किंवा स्विच चालू-बंद करायचा. असे शेकडो डबे एका पडद्यावर आणून ऑपरेटरला दाखवणाऱ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात.

आपल्याकडच्या जुन्या घरात ओटी असते आणि आत माजघर. पोस्टमन, वर्गणीवाले, ओळखीचे-अनोळखी सगळे ओटीवर टेकतात. माजघरात त्यांना प्रवेश नसतो. कचेरीचं जाळं ही ओटी आणि यंत्रांचं जाळं हे माजघर. मधलं दार बंद असेल तर ओटीवरचा चोर फार तर चपला आणि छत्री नेईल. पुढचा सगळा प्रश्न त्या मधल्या दाराचा आहे. ते दार खरोखर बंद आहे का, आणि माजघराला मागून दुसरं एखादं दार तर नाही ना?

३. कुडनकुलम : ओटीवर चोर सापडला

तारापूर ज्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहे, तिचंच दुसरं केंद्र तमिळनाडूत कुडनकुलमला आहे. तिथे २०१९ मध्ये जे घडलं ते तारापूरकरांनी नीट समजून घ्यावं.

४ सप्टेंबर २०१९ रोजी देशाच्या संगणक-सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने कॉर्पोरेशनला कळवलं, की तुमच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर आढळलं आहे. अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी तपास केला. जनतेला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी समाजमाध्यमांवर याची वाच्यता झाली. २९ ऑक्टोबरला कुडनकुलम केंद्राने पत्रक काढून सांगितलं, की ही माहिती खोटी आहे, नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेली नाही, त्यामुळे तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, मुंबईतल्या मुख्यालयाने मान्य केलं, की घातक सॉफ्टवेअर सापडल्याची गोष्ट खरी आहे. बाधित संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यावरचा होता. आतलं महत्त्वाचं जाळं त्यापासून वेगळं असून त्याला धक्का लागलेला नाही.

सापडलेल्या सॉफ्टवेअरची ओळख अभ्यासकांनी ‘डीट्रॅक’ अशी पटवली. त्याच्या काहीच आठवडे आधी, सप्टेंबरमध्ये, कॅस्परस्की कंपनीने याच डीट्रॅकची माहिती जाहीर केली होती आणि त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस टोळीशी लावला होता. डीट्रॅकचं काम स्फोट घडवणं नव्हे. कोणत्या कळा दाबल्या, ब्राउझरमध्ये काय पाहिलं, संगणकावर कोणत्या फाइली आहेत, कोणते संगणक एकमेकांना जोडलेले आहेत, याची टिपणं काढून तो बाहेर पाठवतो. म्हणजे तो टेहळणी करतो. त्याच कुळातलं सॉफ्टवेअर भारतातल्या बँकांच्या एटीएममध्येही सापडलं होतं.

दोन्ही पत्रकं शब्दशः वाचली तर मधलं दार बंद होतं असं दिसतं, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. माझी तक्रार पहिल्या पत्रकाबद्दल आहे. ‘शक्यच नाही’ हे शब्द सुरक्षेच्या कामात वापरायचे नसतात. शिवाय ओटीवर आलेला चोर निरुपद्रवी नसतो. घरात कोण कधी ये-जा करतं, किल्ली कुठे टांगलेली असते, हे त्याला तिथूनच कळतं.

४. दार बंद आहे, पण चावी कोणाकडे?

नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली ठेवायची, ही पद्धत चांगलीच आहे. पण ती तोडलेली आहे असं मानणं आणि ती खरोखर तोडलेली असणं यांत अंतर असतं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण इराणच्या नतांझचं. तिथला युरेनियम समृद्धीचा कारखाना इंटरनेटला जोडलेला नव्हता. तरी २०१० मध्ये उघड झालेलं ‘स्टक्सनेट’ नावाचं घातक सॉफ्टवेअर आत पोहोचलं आणि त्याने पीएलसींना चुकीच्या आज्ञा देऊन सुमारे १,००० सेंट्रिफ्यूज निकामी केल्याचा अंदाज आहे. पसरण्याचा त्याचा एक मार्ग पेन ड्राइव्हचा होता. ऑपरेटरच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचे आकडे दिसत राहिले.

मला त्याहून शिकवणारं वाटतं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेव्हिस-बेसी अणुकेंद्र. कारण तिथे कोणी हल्ला केलाच नव्हता. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ नावाचा संगणकी किडा जगभर वाट्टेल तिकडे पसरत होता. केंद्राच्या फायरवॉलने तो अडवला असता. पण एका ठेकेदाराची स्वतंत्र लाइन फायरवॉलला वळसा घालून थेट कंपनीच्या जाळ्यात आलेली होती. किडा तिकडून शिरला, कचेरीच्या जाळ्यातून यंत्रांच्या जाळ्यात गेला आणि सुरक्षेचे मुख्य आकडे दाखवणारा पडदा सुमारे पाच तास बंद पाडला. भट्टी तेव्हा दुरुस्तीसाठी बंदच होती, त्यामुळे निभावलं. या किड्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिला होता. तो बसवायचा राहिला होता.

जर्मनीत गुंडरेमिंगेनच्या अणुकेंद्रात २०१६ मध्ये इंधनकांड्या हलवणाऱ्या यंत्राशी संबंधित एका संगणकावर जुनेपाने व्हायरस सापडले, आणि सोबत १८ पेन ड्राइव्ह आणि तत्सम साधनंही बाधित निघाली. तो संगणक २००८ मध्ये नूतनीकरणात बसवलेला होता. तो इंटरनेटला जोडलेला नव्हता, म्हणून व्हायरस नुसते पडून राहिले.

या तिन्ही ठिकाणी माजघराचं दार कोणी फोडलं नाही. आतल्याच कोणाच्या खिशातून किंवा ठेकेदाराच्या सोयीसाठी उघडलेल्या वाटेने घाण आत आली.

५. भट्टी बंद करणं आणि थंड ठेवणं

तरीही भट्टी उडवणं जवळजवळ अशक्य का? कारण भट्टी बंद करण्याची शेवटची व्यवस्था संगणकाच्या मर्जीवर सोडलेली नसते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत बंद करणाऱ्या कांड्या भट्टीच्या वर विद्युतचुंबकीय पकडीने धरून ठेवलेल्या असतात. वीज गेली की पकड सुटते आणि कांड्या आपल्या वजनाने खाली पडतात. साखळी-प्रक्रिया थांबते. याशिवाय दुसरी स्वतंत्र पद्धत आहे. तिच्यात गॅडोलिनियमचं द्रावण आत सोडून प्रक्रिया विझवतात. हल्लेखोराने वीज तोडली, तर तो भट्टी बंद करायलाच मदत करतो. गुरुत्वाकर्षण हॅक करता येत नाही.

पण बंद झालेली भट्टी लगेच थंड होत नाही. एक ढोबळ हिशेब करू. ५४० मेगावॅट वीज मिळवायला भट्टीत सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता तयार व्हावी लागते. बंद केल्या क्षणी तिच्यातली साधारण ६ टक्के उष्णता शिल्लक असते, म्हणजे सुमारे १०० मेगावॅट. किरणोत्सारी तुकडे विघटित होत राहतात, त्यातून ती येते आणि कोणतंही बटण ती थांबवू शकत नाही. एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे साडेआठ मेगावॅट. विजेच्या बिलाच्या भाषेत, तासाला साडेआठ हजार युनिट. ही उष्णता काढून नेण्यासाठी पाणी फिरत राहायला हवं, पाण्यासाठी पंप आणि पंपांसाठी वीज. ती बाहेरच्या ग्रिडमधून येते. ग्रिड गेलं तर डिझेल जनरेटर, त्यामागे बॅटऱ्या.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भट्ट्या भूकंपानंतर नेमून दिल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. मग बाहेरची वीज तुटलेली, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवलेले, आणि उष्णता काढायला काहीच उरलं नाही. अणुकेंद्र वीज बनवतं, पण अडचणीच्या वेळी त्यालाच बाहेरून वीज लागते. म्हणून तारापूरच्या सुरक्षेचा विचार कुंपणाच्या आत संपत नाही. तो तारांच्या मागोमाग बोईसर-पडघ्याकडे जातो.

६. तारा आणि भारप्रेषण केंद्रं

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ, रुग्णालयं भरलेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या एकेक करून बंद पडल्या आणि उरलेल्यांना भार झेपला नाही. अदानी इलेक्ट्रिसिटीने त्या सकाळी सांगितलं, की डहाणूच्या विजेवर अत्यावश्यक सेवांसाठी सुमारे ३८५ मेगावॅट पुरवठा चालू ठेवला आहे.

चार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीने अहवाल दिला. चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं असून त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रं आहेत, असं त्यात म्हटलं होतं. भारप्रेषण केंद्र म्हणजे जिथून कोणत्या केंद्राने किती वीज सोडायची आणि ती कुठे वळवायची हे क्षणोक्षणी ठरतं ती जागा. महाराष्ट्राचं असं केंद्र ऐरोलीला आहे. दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला : १४ ट्रोजन आणि ८ जीबी संशयास्पद माहिती वीज मंडळाच्या सर्व्हरवर आल्याची शक्यता. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेल्याचं सांगितलं आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नाही म्हणून विषय मिटवला.

कोण खरं? दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर गोंधळ कमी होतो. घुसखोरीचे प्रयत्न झाले, याबद्दल फारसा वाद नाही. भारप्रेषण यंत्रणेतल्या घातक सॉफ्टवेअरबद्दल सरकारी संस्थांनीच इशारे दिल्याचं ऊर्जा मंत्रालयाने मान्य केलं आणि माहितीची चोरी झाली नाही असं म्हटलं. त्या घुसखोरीमुळेच १२ ऑक्टोबरला लाइट गेली, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. रेकॉर्डेड फ्युचरनेही तसंच लिहिलं होतं. मला विचाराल तर देखभालीतल्या ढिलाईने वीज जाऊ शकते, हे जास्त काळजीचं आहे. जी यंत्रणा स्वतःच्या चुकीने कोसळते, तिला पाडायला मोठा हॅकर लागत नाही.

हल्ल्याने वीज गेल्याचं सिद्ध झालेलं उदाहरण युक्रेनचं. २३ डिसेंबर २०१५ रोजी तीन वितरण कंपन्यांच्या ऑपरेटरांपैकी काहींनी पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकताना आणि सबस्टेशनचे ब्रेकर एकामागून एक उघडताना पाहिले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सुरुवात कित्येक महिने आधी झाली होती, ईमेलला जोडलेल्या एका वर्ड फाइलने. ओटीवरून आत जाण्याची वाट हल्लेखोरांनी सावकाश, पासवर्ड गोळा करत शोधली. हल्ल्याच्या वेळी त्यांनी तक्रार केंद्राचे फोनही खोट्या कॉलनी अडवून ठेवले. वीज परत आली ती माणसांमुळे. कर्मचारी गाड्या घेऊन सबस्टेशनांवर गेले आणि हाताने ब्रेकर बसवले. एक ते सहा तासांत पुरवठा सुरू झाला. आपल्याकडे सबस्टेशनवर बसणारा ऑपरेटर आणि खांबावर चढणारा लाइनमन यांची पदं ‘आता सगळं ऑटोमॅटिक आहे’ म्हणून कमी करायची घाई असते, तेव्हा युक्रेनचे ते सहा तास आठवावेत.

आणखी एक लहान पण बोलकी गोष्ट. २०२२ मध्ये लडाखजवळच्या उत्तर भारतातल्या सात भारप्रेषण केंद्रांवरच्या प्रयत्नांची माहिती पुढे आली. हल्लेखोरांनी मधला अड्डा म्हणून वापरली होती ती इंटरनेटला जोडलेली सीसीटीव्ही उपकरणं. ज्यांचा पासवर्ड बसवल्यापासून कोणी बदललेला नसतो, तसली.

७. एमआयडीसीकडे कोण पाहतं?

अणुकेंद्राला सुरक्षेच्या अनेक भिंती आहेत, ग्रिडसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०१४ पासून अशा अत्यावश्यक यंत्रणांसाठी वेगळी राष्ट्रीय संस्थाही आहे. जाहीर झालेल्या संरक्षित यंत्रणेत विनापरवाना शिरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तारापूर एमआयडीसीतल्या मध्यम रसायन कारखान्याकडे यातलं बहुतेक काही पोहोचत नाही. पीएलसी मात्र पोहोचला आहे.

२०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाचं घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते कारखाना चालवणाऱ्या यंत्रणेपुरतं थांबलं नव्हतं. धोका झाल्यावर कारखाना बंद करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेत ते शिरलं होतं. समजा, रसायनांच्या एका रिअॅक्टरचं तापमान ९० अंशांवर गेलं की थंड पाणी सोडायचं आणि १०० वर सगळं बंद करायचं, असा नियम आहे. कोणी ९०चा आकडा बदलला तर १००चा नियम वाचवतो. दोन्ही बदलले, तर वाचवायला उरते ती दाब वाढल्यावर स्वतः उघडणारी यांत्रिक झडप, आणि तीही वेळेवर तपासलेली असेल तर. सौदीत हल्लेखोरांच्या सॉफ्टवेअरमध्येच चूक झाली, कारखाना आपोआप बंद पडला आणि बिंग फुटलं.

बोईसरच्या माणसाने भट्टीपेक्षा याची काळजी जास्त करावी, असं माझं मत आहे. मशिन पुरवणारा दूरच्या शहरातून दुरुस्ती करू शकावा म्हणून रिमोट सॉफ्टवेअर टाकलं जातं आणि ते चोवीस तास चालू राहतं. कंट्रोल पॅनेलच्या यूएसबी पोर्टवर रात्रपाळीचा कामगार मोबाइल चार्ज करतो. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. यातलं कुठलंही थांबवायला मोठा खर्च लागत नाही. पुरवठादाराला काम असेल तेवढाच वेळ रिमोट चालू करा, पॅनेलजवळ मोबाइलसाठी वेगळा प्लग द्या, पीएलसीचा प्रोग्राम बदलला की त्याची प्रत जाळ्याबाहेर ठेवा आणि यांत्रिक झडपांची तपासणी कागदावर नव्हे तर खरोखर करा.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याचा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तुम्ही एमआयडीसीत कामाला असाल तर या आठवड्यात एवढं विचारून पाहा : रात्री दोन वाजता पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला, तर तुमच्या पाळीत मशिन हाताने बंद कोण करणार आणि सर्ट-इनला कोण कळवणार?